मार्क येईपर्यंत

“आज तोंडाला चवच न्हाई बघा,” लुट्झकाका म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

हसण्यासारखंच होतं ते. त्या संध्याकाळी पुरुषांच्या फिगर स्केटिंगची अंतिम फेरी होती आणि काकांचा लाडका मिहेल पहिल्यांदाच शेवटच्या सहा जणांत आला होता. अशा दिवशी कुणाला घास गोड लागेल? मी म्हणाले, काका, तुम्ही बोहल्यावर चढतानासुद्धा एवढे घाबरला नसाल. त्यावर ते हसले, हसता हसता खोकले, आणि आम्ही त्या खोकल्यालाही हसलो.

साल करोनाचं होतं, दुसऱ्या लाटेचं. मी साताऱ्यात घरात अडकून कॉलेजच्या पोरांना मोबाइलवरून भूगोल शिकवत होते. पलीकडे पोरं असायची की नुसती त्यांची नावं, देव जाणे. जीव रमावा असं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे आमचा ग्रुप, ‘बर्फवाले’. महाराष्ट्रात फिगर स्केटिंगचं वेड असणारी माणसं असून असून किती असणार? आम्ही एकमेकांना इंटरनेटवर हुडकून काढलं होतं. प्रत्यक्षात कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. लातूरची सलमा होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. अमरावतीचा भाग्येश होता. ग्रुप त्याने काढलेला, त्यामुळे तो स्वतःला गावचा पाटील समजायचा. मी होते. आणि लुट्झकाका. बाकीचे दोघं-तिघं लहर येईल तसे यायचे.

आमच्यापैकी एकानेही आयुष्यात बर्फावर पाय ठेवलेला नव्हता. पण एखाद्याने उडी स्केटच्या आतल्या धारेवरून घेतली की बाहेरच्या, यावरून आम्ही शेताच्या बांधावरून भांडावं तसं भांडायचो. स्पर्धा असली की सगळे एका ॲपवर बोलायला जमायचो, आणि जो तो आपापल्या घरी आपापल्या पडद्यावर बघायचा.

लुट्झ हे एका उडीचं नाव. ती काय असते हे मला काकांनीच समजावलं होतं. “जायचं एकीकडं आणि गिरकी घ्यायची उलटीकडं. अंगाचा सगळा ओढा एका बाजूला, आणि आपण म्हणायचं, न्हाई, मी तिकडं जाणार.” ही उडी त्यांना इतकी प्रिय की त्यांनी ग्रुपवर नावच ते घेतलं, आणि वयाकडे बघून आम्ही मागे काका लावलं. खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. ॲपवर नंबरही दिसायचे नाहीत. इचलकरंजीत राहतात, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एवढंच ठाऊक होतं.

आणखी एक ठाऊक होतं. काकांना माइक बंद करता येत नसे. त्यामुळे एरवी त्यांच्या मागे गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट सतत ऐकू यायचा. टाळेबंदीत माग थांबले आणि त्यांच्या जुन्या पंख्याची कुरकुर तेवढी उरली. दिवस मावळायच्या आत ते जेवायला उठायचे आणि परत आल्यावर भाजी कोणती होती ते न विचारता सांगायचे. त्या दिवशी ते उठलेच नव्हते.

जागतिक स्पर्धा होती, युरोपातल्या कुठल्याशा शहरात. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. खुर्च्यांवर माणसांचे पुठ्ठ्याचे चेहरे लावून ठेवले होते. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, त्यामुळे स्केटची धार बर्फावर कशी खरवडत जाते ते स्वच्छ ऐकू यायचं. आपल्याकडे रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती, गल्लीत ॲम्ब्युलन्स आली की मी खिडकी लावून घेत होते, आणि त्यात हा खर्रर्र आवाज मला फार बरा वाटायचा.

शेवटचे सहा जण सरावासाठी बर्फावर उतरले. ही वेळ काकांची. मिहेल पुढच्या चार मिनिटांत कोणकोणत्या उड्या मारणार ते सगळं ते एका दमात म्हणून दाखवायचे, आरती म्हणावी तसं. त्यांनी सुरुवात केली. “ट्रिपल ॲक्सल,” ते म्हणाले आणि थांबले. “मग ट्रिपल... लूप.” पुन्हा थांबले. “क्वाड लुट्झ मागं ठेवलीय... शेवटाकडं... मार्क जास्त...”

त्यांचं सगळं वाक्य काही आलंच नाही. मी म्हटलं, आज उत्साह उतू जातोय. तेवढ्यात सलमाचा मला एकटीला मेसेज आला. “काकांचं नीट ऐक. एका दमात दोन शब्दांवर तिसरा येईना. मी दिवसभर लॅबच्या खिडकीतून हेच ऐकते गं.”

मी नीट ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

सलमाने आडवळण घेतलं नाही. काका, ताप आहे का, तिने सरळ विचारलं. होता, गेला, ते म्हणाले. ऑक्सिजन बघायचं ते बोटाला लावायचं मशीन आहे का घरात? आहे, ते म्हणाले, पेन्शनरांच्या संघाने वाटलं होतं.

“मग लावून बघितलं का?”

“बघितलं की. बिघडलंय ते. चौऱ्याऐंशी दाखवतंय. म्हणून कपाटावर... ठेवून दिलं.”

 त्या दिवसांत तो आकडा काय सांगतो हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सलमाने त्यांना बोट पुसून परत लावायला सांगितलं. चपला ओढत ते गेले, आले. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती.

“आता ब्याऐंशी,” ते म्हणाले. “बघ. एकदा एक सांगतंय... एकदा एक. बिघडलंयच.”

“काका, मशीन बरोबर आहे,” सलमा म्हणाली. “तुम्हाला आत्ता, या मिनिटाला दवाखान्यात जायचंय. कुठे राहता तुम्ही? पत्ता सांगा.”

“मला काय... तरास न्हाई गं. जाऊ की. मिहीर झाला की जाऊ.” मिहेलचं त्यांनी मिहीर करून टाकलं होतं.

“पत्ता सांगा आधी.”

“मार्क आल्यावर सांगतो. आता गप्प.”

पडद्यावर मिहेल मधोमध येऊन उभा राहिला होता. सहा जणांत उतरण्याचा पहिला नंबर त्याचाच होता.

आता आमची एक चाल सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपला लाडका बर्फावर उतरला की आपण तोंडातून अक्षर काढायचं नाही, त्याचे मार्क येईपर्यंत. बाकीच्यांनीही त्या माणसाला हाक मारायची नाही. एकदा सलमा भर कार्यक्रमात “जमलं” म्हणाली आणि पुढच्याच उडीत तिचा लाडका कठड्यावर जाऊन आदळला, तेव्हापासून भाग्येशने हा नियम घातला होता. शहाणी म्हणवणारी माणसं आम्ही, पण तो नियम देवाच्या सोवळ्यासारखा पाळायचो. त्यातही काकांसारखा कुणी पाळला नसेल. मागे एकदा मिहेल बर्फावर असताना काकांच्या कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, भाताचा कोळसा झाला, पण ते हलले नाहीत की हुं केलं नाही.

संगीत सुरू झालं. काका गप्प झाले.

“चारच मिनिटं आहेत ना,” भाग्येश हळू आवाजात म्हणाला. “पाहू दे त्यांना. किती वर्षं वाट पाहिली त्यांनी. मग जातीलच ते.”

मला ते पटलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा असा घास कोण काढून घेईल? तेवढ्यात सलमाचा मेसेज आला. “चार मिनिटांनी ते बोलतील याची खात्री कोण देणार?”

 हा माणूस एवढ्या मोठ्या गावात कुठल्या गल्लीत, कुठल्या माडीवर बसला होता, आम्हाला माहीत नव्हतं. त्याचं नाव माहीत नव्हतं. पोलिसांना फोन केला असता तर सांगणार काय, लुट्झ नावाच्या काकांना वाचवा?

आणि मला पेढे आठवले.

आदल्या हंगामात मी काकांशी पैज हरले होते. हरणाऱ्याने आपल्या गावचा खाऊ पाठवायचा, ही आमची रीत. मी कंदी पेढे पाठवले. गल्ली सापडायची नाही, खाली चौगुल्यांची गिरणी आहे तिथला पत्ता टाक, असं काका म्हणाले होते. मी खोक्यावर झोकात ‘लुट्झकाका’ असं लिहिलं, खाली माझा नंबर. दोन दिवसांनी मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. खोकं आलंय, पण हे लुट्झ कोण? मी सांगितलं, ते घरी बसून बर्फावरचं स्केटिंग बघतात ते. “आरं तिच्या, आमचं अण्णा व्हय,” तो माणूस म्हणाला होता. पेढे फार चांगले होते, हेही त्याने नंतर कळवलं होतं. तो नंबर मी गमतीने ‘पेढे गिरणी’ म्हणून ठेवला होता.

लॅपटॉपवर मिहेल पहिल्या उड्या मारत होता. मी मोबाइलवरून गिरणीला फोन लावला. रिंग जात राहिली. कडक निर्बंधांत दुपारनंतर गिरणी बंद असणार हे मला कळत होतं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा चौगुल्यांनी उचलला.

“बोला की म्याडम. पेढं पाठवलं का पुन्ना?”

मी सांगितलं. काय सांगितलं ते मला आठवत नाही.  मग त्यांच्या मागून एका बाईचं बोलणं ऐकू आलं, घरात तान्हं पोर आहे, तुम्ही वर जायचं नाही, नगरपालिकेला कळवा. त्या माउलीला मी आजही दोष देत नाही. तेव्हा सख्खी माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहत होती.

“त्येंचं दळण पडून हाय चार दिस,” चौगुले म्हणाले, मला की बायकोला कोण जाणे. “मला वाटलं, आळस केला आसंल.” मग म्हणाले, “थांबा.” आणि फोन बंद झाला.

जातोय म्हणून थांबा, की नाही जमत म्हणून थांबा, काही कळेना. पडद्यावर मिहेलने ते लांब वळण घ्यायला सुरुवात केली. पाठमोरा, एका पायावर, बाहेरच्या धारेवर. लुट्झ येत होती. रिकाम्या सभागृहात ती खर्रर्र चढत चालली होती, आणि इकडे काकांच्या घरातून नुसता पंखा ऐकू येत होता.

“काका,” मी म्हणाले, “काहीतरी बोला.”

भाग्येशच्या तोंडून नुसतं “अगं” निघालं. मिहेलने उडी घेतली आणि तो पडला. टाळ्या नव्हत्या, गलका नव्हता, त्यामुळे अंग बर्फावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

काका काही बोलले नाहीत.

“ते बोलणारच नाहीत,” भाग्येश म्हणाला. “ते कधीच बोलले नाहीत.” पण त्याचाही आवाज फाटला होता. तीच तर पंचाईत होती. नियम पाळणारा माणूस आणि शुद्ध हरपलेला माणूस, दोघांचं गप्प बसणं ऐकायला एकसारखंच.

मी पुन्हा हाक मारली. सलमाने मारली. काका, नियम गेला खड्ड्यात, नुसतं हुं म्हणा, ती विनवत होती. मिहेल उठला, पुढच्या उड्या मारल्या, शेवटची गिरकी घेतली, पुठ्ठ्याच्या चेहऱ्यांना वाकून नमस्कार केला. मास्क लावून तो बाकावर जाऊन बसला. परीक्षकांना त्या दिवशी किती वेळ लागत होता. मी मिहेलचे मार्क इतक्या आशेने कधी पाहिले नव्हते, आणि ते किती येतात याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मार्क आले की काकांचा नियम सुटत होता. मार्क आले की ते बोलणार होते.

मार्क आले.

आम्ही थांबलो. पंखा कुरकुरत होता.

“काका,” भाग्येशने हाक मारली. नियम त्याचा, ग्रुप त्याचा, आणि तो लहान मुलासारखा रडत होता. “काका, मार्क आले. बोला ना आता.”

आणि मग दारावर थाप पडली. माझ्या नाही, काकांच्या. ती त्यांच्या उघड्या माइकमधून साताऱ्यात, लातुरात, अमरावतीत एकदमच पडली.

“बाहुबली अण्णा,” चौगुले हाक मारत होते. “ओ अण्णा, दार उघडा.”

आम्हाला त्यांचं नाव कळलं ते असं. आवाजावरून काडीपैलवान वाटणारा माणूस, आणि नाव बाहुबली.

कुणी दार उघडलं नाही. माझा मोबाइल वाजला. आतनं कडी हाय म्याडम, चौगुले म्हणाले. “फोडा,” मी म्हणाले. जुनं फळ्यांचं दार होतं, आणि रोज पोती उचलणारा माणूस होता. दोन धडका आम्ही ऐकल्या, तिसरीला फळी मोडली. पावलं आत आली, खुर्ची सरकली.

“अण्णा, माज्याकडं बघा. बघा की.”

त्यावर एक घोगरा, अर्धवट आवाज आला. त्याला शब्द म्हणता आलं नसतं. पण तो काकांचा होता. मी भिंतीला टेकून खाली बसले.

सलमा बसली नाही. “त्यांना पालथं झोपवा,” ती जोरात म्हणाली. “पोटावर. मान एका बाजूला ठेवा.”

चौगुले दचकले असणार. खोलीत दुसरं माणूस नव्हतं आणि कॉम्प्युटरातून बाई बोलत होती. “कोण हाय तिकडं?” त्यांनी विचारलं.

“काकांच्या घरचे आहोत,” भाग्येश म्हणाला.

ॲम्ब्युलन्सचे सगळे नंबर लागून थकले. शेवटी चौगुल्यांनी आपला पिठाचा टेम्पो काढला, तोंडाला टॉवेल गुंडाळून काकांना उचललं, आणि ते गेले. पडद्यावर बाकीचे पाच जण एकेक करून येऊन गेले. कुणीतरी जगज्जेता झाला. आमच्यापैकी कुणीही फोन ठेवला नाही. काकांच्या रिकाम्या खोलीतला पंखा आम्ही बराच वेळ ऐकत बसलो, तिथली वीज जाईपर्यंत.

काकांना दोन दवाखान्यांनी परत पाठवलं, तिसऱ्यात जागा मिळाली. पुढे चौगुले मला रोज फोन करायचे. आज हातवारे केले. आज दोन घास खाल्ले. मी ते ग्रुपवर लिहायचे. दुसरं त्या काळात ग्रुपवर काही यायचं नाही. त्या स्पर्धेबद्दल आमच्यापैकी कुणी ब्र काढला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. काकांनी बघितलेली नाही, मग आपण बोलायचं नाही, एवढंच.

काका घरी आले, हळूहळू जिने चढायला लागले, गल्लीतले माग पुन्हा सुरू झाले. मग एके दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. मिहीरचं काय झालं ते सांगू नका, सगळे मिळून बघू.

एका दुपारी आम्ही जमलो. काका आधीच जेवून आले होते. “दोडक्याची भाजी,” त्यांनी सांगितलं. “चव लागली.” मागे खडखडाट होता. मला तो कॅसेटवरच्या सनईइतका मंगल वाटला.

“साताऱ्याच्या बाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू बोललीस. ऐकलं मी.”

मी बोलणी खायची तयारी केली.

“लई राग आला. गप्प बस म्हणायला तोंड उघडलं, तर आत हवाच न्हाई. तवा कळलं, मशीन बरं हाय.” ते थोडं हसले. “चला, लावा.”

त्या फेरीतला मिहेल पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला. तेच पुठ्ठ्याचे चेहरे, तीच खर्रर्र. संगीत सुरू झालं आणि सवयीने आम्ही सगळे गप्प झालो. काकाही. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मागांच्या खडखडाटाच्या आड श्वास ऐकू येतोय का ते शोधत होते. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला होता. सलमाने मला एकटीला लिहिलं, “मला नाही सहन होत.”

“चौगुल्यानं दार नवं करून दिलंय,” एकाएकी काका म्हणाले.

 मिहेल बर्फावर होता.

“काका,” भाग्येश चाचरत म्हणाला, “मार्क येईपर्यंत गप्प बसायचं ना?”

“तुम्ही बसा. मी बोलतो.” त्यांचा आवाज अजून बारीक होता, मध्ये मध्ये दम घेत होता, पण थांबत नव्हता. “सागवानी न्हाई, साधंच हाय, पण जाड. म्हटलं, बाबा, एवढं जाड कशाला? पुन्ना फोडायची येळ आली तर? तर म्हणतोय कसा, आता कडीच बसवत न्हाई अण्णा, नुसतं लोटून घ्यायचं. दवाखान्यात माझ्या शेजारी एक गडी होता, त्यो घोरायचा. रात सगळी घोरायचा. मला बरं वाटायचं. हाय म्हणायचं, शेजारी हाय कुणीतरी...”

मिहेलने ते लांब वळण घेतलं, पाठमोरा, एका पायावर. काका एक घोट पाणी प्यायले. त्याने उडी मारली आणि तो पडला. तो तिथे पडणार हे आम्हाला ठाऊक होतं, काकांना नव्हतं. त्याचं अंग बर्फावर आपटल्याचा आवाज काकांच्या खोलीतून फिरून आमच्यापर्यंत आला, आणि मला वाटलं, आता हे गप्प होतील.

“तर दाराला रंग निळा लावलाय,” काका म्हणाले. “तुम्ही याल तवा लगेच सापडंल.”